म्हातारा, न्हावी आणि न सापडणारी रेघ

हकारान्त
नमस्कार मंडळी. भाषाशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय मराठीतले महाप्राण: एकीकडे भ, ध, घ आणि दुसरीकडे म्ह, न्ह, ल्ह, व्ह. ध्वनिमुद्रणं हातात आहेत. आता प्रात (आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) उघडून एकेक शब्द कापत बसले आहे, म्हणजे कुठला ध्वनी कुठे संपतो तिथे रेघ मारते आहे.

'खार'मध्ये अडचण येत नाही. स्फोट होतो, मग नुसती हवा, मग स्वरतंतूंचा कंप सुरू होतो. जिथे कंप सुरू झाला तिथे रेघ. पण 'भार' घ्या. ओठ मिटलेले असतानाच कंप चालू असतो, ओठ उघडल्यावरही तो थांबत नाही, आणि त्याच्याच जोडीने हवा गळत राहते. ती श्वासाळ पट्टी 'आ'मध्ये हळूहळू विरत जाते. महाप्राण संपला कुठे आणि स्वर सुरू झाला कुठे? 'म्हातारा' आणि 'न्हावी' तर याहून वाईट, तिथे स्फोटही नाही.

मार्गदर्शक म्हणतात, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं पडद्यावरचं चित्र) बघ. प्रयोगशाळेतली सीनियर म्हणते, कान लाव. दोघांचं ऐकून एकाच फाइलवर दोन वेगळ्या रेघा पडतात.

तर प्रश्न दोन. एक, अशा ठिकाणी तुम्ही रेघ कशी ठरवता? दुसरा जरा रडका आहे: महिनोन् महिने रेघा मारत बसणं याला संशोधन म्हणायचं की कारकुनी?

अर्धविराम
म्हाताऱ्याला मधोमध कापायचं आणि वर न्हाव्याला दोष द्यायचा? कलियुग.

फॉर्मंटवाला
@हकारान्त, तुमची अडचण जुनी आणि प्रतिष्ठित आहे, त्यामुळे निराश होऊ नका. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ साली ११ भाषांमधल्या स्फोटकांची (प, ब सारख्या ध्वनींची) व्हीओटी मोजली, म्हणजे स्फोट आणि कंपाची सुरुवात यांतलं अंतर. त्या ११ भाषांत मराठीही होती. बहुतेक भाषांमधले गट या एका मापाने छान वेगळे पडले. मराठी-हिंदीत मात्र प, फ, ब हे तीन सुटे झाले आणि भ जाऊन ब-च्याच डोक्यावर बसला, कारण दोघांचाही कंप स्फोटाच्या आधीच सुरू झालेला असतो. व्हीओटीला त्यापुढचं दिसतच नाही.

म्हणून पुढे लोकांनी वेगळी मापं काढली. मिकुटाइट आणि रीट्झ यांनी २००७ मध्ये पूर्व बंगालीवर काम करताना स्फोटापासून स्वराचा नियमित कंप सुरू होईपर्यंतचा काळ मोजला आणि त्याला 'आफ्टर क्लोजर टाइम' म्हटलं. भ, ध, घ साठी तुम्ही हेच वापरा. रेघ कुठे? तरंगाकृतीत एकामागून एक येणारी आवर्तनं एकसारखी दिसू लागतात आणि दुसरा फॉर्मंट (स्वराच्या अनुनादाचा पट्टा) ठळक होतो तिथे. दोन्ही खुणा एका जागी आल्या नाहीत तर कुठली मानायची हे आधीच लिहून ठेवा. फाइल समोर आल्यावर ठरवायला गेलात की संपलात.

म्ह, न्ह चं सावकाश लिहितो, तो वेगळा प्राणी आहे.

कर्णधार
फॉर्मंटवाले, सगळं मान्य, पण यात कान कुठे गेला? हल्लीची पिढी चित्र बघून ध्वनिशास्त्र करते. स्पेक्ट्रोग्राम रेघ दाखवत नाही, करडा पट्टा दाखवतो. आमच्या वेळी पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात जायचं: शिक्षक तोंड झाकून निरर्थक अक्षरं उच्चारणार, आम्ही आयपीएत (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत) लिहिणार. लॅडफोगेडसारखा ध्वनिशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतली यंत्रं घेऊन जगभर फिरला, पण त्याचा कान आणि त्याचं तोंड दोन्ही पक्की होती. माहितगारासमोर तो आवाज स्वतः काढून 'असंच ना?' असं विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे. प्रातला ते जमत नाही.

रात्रपाळी
@कर्णधार, कान पण फसतो हो. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड, १९७६. आवाज 'बा'चा, पडद्यावरचे ओठ 'गा'चे, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'दा'. प्रयोग माहीत असला तरी फसायला होतं. डोळे मिटले की परत 'बा'.

कर्णधार
म्हणूनच तर तोंड झाकायचे!

अर्धविराम
हा षटकार होता. :))

आकडेमोड
कान विरुद्ध डोळा हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही माणसाचेच आहेत आणि माणसाला आधीच माहीत असतं की हा 'भार' आहे, 'बार' नाही. माहीत असलं की रेघ नकळत सोयीच्या बाजूला सरकते. त्यामुळे:

फाइलींची नावं बदलून टाका, शब्द कुठला ते कापणाऱ्याला कळता कामा नये. 'भार' ऐकून कळणारच, हे खरं, पण निदान बोलणारा कोण, वय काय, कुठल्या गटातला, एवढं तरी लपवता येतं. साधारण दहा टक्के फाइली दुसऱ्या कुणाकडून कापून घ्या, आणि तेवढ्याच काही आठवड्यांनी स्वतः पुन्हा कापा. दोन रेघांमधलं अंतर मिलिसेकंदांत प्रबंधात छापा. ते अंतर १५ आणि तुमचा निष्कर्ष ८ मिलिसेकंदांच्या फरकावर उभा, असं झालं तर काय समजायचं ते समजा.

आणि कृपया २० शब्द गुणिले ३ वेळा गुणिले १० माणसं म्हणजे ६०० निरीक्षणं असं लिहू नका. ती १० माणसं आहेत आणि २० शब्द आहेत. माणूस आणि शब्द दोन्ही यादृच्छिक घटक (रँडम इफेक्ट) म्हणून सांख्यिकी प्रतिमानात घाला. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्कने हे १९७३ मध्ये सांगितलं, अजून सांगावं लागतं.

जुनी पोथी
विषयाला धरूनच आहे म्हणून लिहितो. तैत्तिरीय प्रातिशाख्यात (वेदांच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथात), दुसऱ्या अध्यायात, तीन छोटी सूत्रं आहेत: कंठ संवृत असला की नाद, विवृत असला की श्वास, आणि 'मध्ये हकारः'. म्हणजे स्वरतंतू धड मिटलेले नाहीत, धड उघडेही नाहीत, अशा मधल्या स्थितीत ह उच्चारला जातो. हकारान्तबाई ज्या श्वासाळ पट्टीशी झुंजत आहेत तिचंच हे वर्णन. यंत्र नाही, आरसा नाही, फक्त स्वतःच्या गळ्याकडे दिलेलं लक्ष.

टवाळ टाचणी
आलं! आता पुष्पक विमान कितव्या प्रतिसादात उतरतंय तेवढं सांगा, खिडकीजवळची जागा धरते.

जुनी पोथी
ताई, विमानाचं मला माहीत नाही. मी सूत्र दिलं, अध्याय दिला, काढून बघा. उलट गंमत अशी की १९व्या शतकात व्हिटनी या अमेरिकन अभ्यासकाने हे प्रातिशाख्य इंग्रजीत आणलं तेव्हा त्याला ही मधली अवस्था काही पटली नव्हती. त्याच्या भाषेच्या ह मध्ये कंप नसतो, त्यामुळे त्याला ती कल्पना ओढूनताणून केलेली वाटली. पुढे डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ मध्ये प्राचीन भारतीय ध्वनिविचारावर लिहिताना सूत्रकारांची बाजू घेतली. शिकल्यासवरल्या माणसाचा कानसुद्धा स्वतःच्या भाषेपुरताच उघडा असतो, एवढाच माझा मुद्दा.

टवाळ टाचणी
बरं, हे आवडलं. खिडकीची जागा परत करते.

कर्णधार
पोथीकाका, तुम्ही माझ्या बाजूने आहात की विरुद्ध, ते कळलं नाही.

जुनी पोथी
मध्ये.

अर्धविराम
हहपुवा. धाग्याचं सार्थक झालं.

सडाफटिंग
मी समाजभाषाविज्ञानातली. मला रेघेपेक्षा एक वेगळीच शंका येते आहे. @हकारान्त, तुम्ही शब्द वाचून घेतलेत की बोलून?

विचारायचं कारण: कार्डावर 'आम्ही' लिहून समोर धरलं तर माणूस ऐटीत 'आम्ही' म्हणतो. कार्ड बाजूला ठेवून गप्पा सुरू झाल्या की तोच माणूस 'आमी', 'तुमी', 'मदे' म्हणू लागतो. शब्दाच्या मध्यावर आणि शेवटी मराठी बोलण्यात महाप्राण सर्रास गळतो. म्हणजे तुम्ही जी पट्टी मिलिसेकंदांत मोजता आहात ती काही अंशी भाषेची आहे आणि काही अंशी लेखनाची. वाचनातला म्ह हा शाळेतला म्ह.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह या पेचाला 'निरीक्षकाचा विरोधाभास' म्हणायचा: लोक कुणी ऐकत नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला आपल्याला ऐकावंच लागतं. न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत त्याने काय केलं ते प्रसिद्धच आहे. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विचारायचं, 'फोर्थ फ्लोअर' हे उत्तर घ्यायचं, मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा वदवून घ्यायचं. पहिलं उत्तर सहज, दुसरं जपून. बाहेर येऊन र उच्चारला की नाही याची नोंद. मुद्रण नाही, प्रात नाही, आणि या शाखेतला सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास.

आकडेमोड
आणि संमतीपत्रही नाही. आज नीतिसमितीपुढे गेला असता तर चौथ्या मजल्यावरूनच परत पाठवला असता.

सडाफटिंग
@आकडेमोड, ते आहेच. पण तेव्हा कुणाचा आवाज साठवला नव्हता, नाव घेतलं नव्हतं. आज संमतीपत्र असतं आणि सहा पानी असतं. त्यात 'विदा (डेटा) संशोधनासाठी वापरली जाईल' अशी गोलमाल ओळ टाकून तोच आवाज पुढे यंत्र शिकवायला दिला जातो. मला त्याची जास्त काळजी वाटते. बोलणाऱ्याला साध्या शब्दांत विचारावं: हा आवाज मी वर्गात ऐकवू का? संग्रहात ठेवू का? कंपनीला देऊ का? तिन्ही वेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. आणि 'नंतर काढून टाका' म्हणायची सोय हवी.

रात्रपाळी
कंपनीचं नाव निघालं म्हणजे मलाच बोलावलं. :) मी वाक्-तंत्रज्ञानात काम करतो, शिक्षण भाषाशास्त्राचं. आमच्या क्षेत्रात आयबीएमच्या फ्रेड जेलिनेक यांच्या नावावर एक टोमणा फिरतो की भाषाशास्त्रज्ञ नोकरी सोडून गेला की यंत्राची अचूकता वाढते. त्यामुळे आम्ही दोन्हीकडून शिव्या खाणारे.

मूळ प्रश्न: हाताने का कापता? माँट्रियल फोर्स्ड अलाइनर सारखं साधन आहे, फुकट आहे. मुद्रण आणि लिखित मजकूर द्या, रेघा तयार. मग फक्त दुरुस्ती.

फॉर्मंटवाला
@रात्रपाळी, मोठ्या विदेसाठी उत्तम, इथे नाही. अलाइनरला 'भ' ही एकच चकती माहीत असते. भ कुठे संपून आ सुरू झाला एवढं तो सांगेल, आतली श्वासाळ पट्टी वेगळी काढून देणार नाही. त्यात त्याची पावलं १० मिलिसेकंदांची. मोजायची गोष्टच काही डझन मिलिसेकंदांची असेल तर हे म्हणजे तराजूवर मोहरी ठेवून किलोत वजन विचारणं.

शब्दांच्या हद्दी त्याच्याकडून घ्या, आतलं काम हाताने करा. एवढ्यानेही निम्मा वैताग वाचतो.

रात्रपाळी
हे मान्य. आम्हाला एवढं बारीक लागतच नाही. यंत्राने 'भार' ओळखला, आमचं काम झालं. का ओळखला ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगता येत नाही.

कर्णधार
शेवटचं वाक्य मखरात बसवावं असं आहे.

हकारान्त
सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

@सडाफटिंग, दोन्ही आहे. वाक्यात घातलेले शब्द वाचून घेतले आहेत आणि प्रत्येकाशी मोकळ्या गप्पाही मुद्रित आहेत. गप्पांत 'आमी' भरपूर आहे. तो भाग प्रबंधात वगळावा असं मला सुचवलं गेलं आहे, विदा 'अस्वच्छ' होते म्हणून.

@फॉर्मंटवाला, म्ह-न्ह चं लिहा ना. तिथे मी एच१-एच२ मोजते आहे आणि आकडे वेडेवाकडे येतात.

सडाफटिंग
अस्वच्छ?! अहो, तोच तर सगळ्यात चविष्ट भाग आहे. वगळू नका. वेगळं प्रकरण करा. कोण, कुठल्या जागी, कुठल्या शब्दात महाप्राण सोडतो आणि कुठे घट्ट धरून ठेवतो, यावर एक अख्खा प्रबंध होईल.

आकडेमोड
नको! आधी एक प्रबंध पुरा होऊ दे. 'अख्खा प्रबंध होईल' या वाक्याने किती पीएचड्या बुडवल्या आहेत.

फॉर्मंटवाला
म्ह-न्ह: एच१-एच२ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या संनादाच्या (हार्मोनिकच्या) तीव्रतेतला फरक. स्वरतंतू सैल असले, हवा गळत असली की पहिला संनाद तुलनेने जोरकस होतो आणि फरक वाढतो. म्हणून श्वासाळपणा मोजायला हे माप सर्रास वापरतात. फिशर-यॉर्गेनसन यांनी गुजरातीतल्या मर्मर (श्वासाळ) स्वरांवर १९६७ मध्ये जे काम केलं त्यातही संनादांची ही तुलना आहे.

पण तुम्ही हे माप कुठे लावता आहात? म् आणि न् वर. अनुनासिक ध्वनीत नाकाच्या पोकळीचा अनुनाद खाली, नेमका पहिल्या-दुसऱ्या संनादांच्या आसपास येतो आणि त्यांची तीव्रता बदलतो. मग वाढलेला फरक गळ्यातून आला की नाकातून, हे आकड्यावरून कळत नाही. एड्रियन सिम्पसन यांनी २०१२ मध्ये असाच इशारा दिला होता की स्त्री आणि पुरुषांच्या आवाजातला श्वासाळपणा या मापाने तोलू नका, कारण दोघांचा मूळ स्वर वेगळा असल्यामुळे नाकाचा अनुनाद वेगवेगळ्या संनादांवर पडतो. तुमच्या विदेत स्त्रिया आणि पुरुष दोन्ही असणार. वेडेवाकडे आकडे यायचं हे एक मोठं कारण असू शकतं.

उपाय: अनुनासिकावर मोजू नका, त्याच्यामागच्या स्वराच्या सुरुवातीच्या भागात मोजा. फॉर्मंटचा परिणाम वजा करणारी दुरुस्त मापं वापरा, व्हॉइससॉस हे सॉफ्टवेअर ती काढून देतं. जोडीला सेप्स्ट्रल पीक प्रॉमिनन्स घ्या. ते आवर्तन किती नियमित आहे याचं माप आहे, त्याला पहिल्या-दुसऱ्या संनादाच्या भांडणाशी देणंघेणं नाही. आणि केली बर्क्सन यांचा कॅन्सस विद्यापीठातला २०१३ चा प्रबंध वाचला नसेल तर आज रात्री वाचा. मराठीतले श्वासाळ स्फोटक आणि श्वासाळ म्ह-न्ह-ल्ह-व्ह, दोन्ही त्यात आहेत. शक्य असलं तर काही लोकांचं इलेक्ट्रोग्लॉटोग्राफवर मुद्रण घ्या. गळ्यावर दोन पट्ट्या, दुखत नाही.

सर्वांत महत्त्वाचं: इथे रेघ मारूच नका. म्ह मध्ये ह कुठे सुरू झाला हे विचारणं देवनागरीचा प्रश्न ध्वनीला विचारणं आहे. लिपीत म आणि ह असे दोन तुकडे आहेत, तोंडात ते एकमेकांवर चढलेले आहेत. म पासून स्वराच्या मध्यापर्यंतचा काळ घ्या, त्याचे दहा समान भाग करा, प्रत्येक भागात माप घ्या आणि वक्र काढा. म चा वक्र आणि म्ह चा वक्र कुठे वेगळे होतात ते दिसेल.

कर्णधार
आता याला म्हणतात ऐकणं. (डोळ्यांनी का होईना.)

मोडी मास्तर
वाचनमात्र होतो, कारकुनीच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझा प्रबंध वाक्यरचनेवर होता, तिथे कापाकापी नसते, आम्ही वाक्यांच्या रचनेची झाडं काढतो आणि फांद्यांवरून भांडतो. पण बायको ध्वनिशास्त्रातली, त्यामुळे घरात टेक्स्टग्रिड (प्रातमधल्या रेघांच्या फाइली) नांदतात.

रेघा मारताना तुम्हाला ज्या शंका येतात त्या इतर कुणालाच येत नाहीत. 'भार' कापताना अडकलात म्हणून व्हीओटीची मर्यादा कळली. मदतनिसाकडून कापून घेतलं असतं तर तयार तक्ता मिळाला असता आणि त्यातला खड्डा दिसला नसता. हे कौतुक म्हणून सांगत नाही. हे काम बहुतेक वेळा विनामोबदला विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतं आणि लेखावर त्यांचं नाव आभारात, तळटीपेत येतं, हेही तितकंच खरं. कापणारा माणूस निर्णय घेत असेल तर तो सहलेखक आहे. आमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीने हे मागून घेतलं, जरा तणातणी झाली, पण नाव लागलं.

जिराफाची मान
+१ मोडी मास्तर. मागायला शिका. मागितल्याने गोष्टी हलतात. २०१५ मध्ये 'लिंग्वा' या भाषाशास्त्राच्या नियतकालिकाच्या अख्ख्या संपादक मंडळाने प्रकाशकाशी वाचकांसाठी मोफत प्रवेशाच्या मुद्द्यावर पटलं नाही म्हणून राजीनामे दिले आणि 'ग्लॉसा' हे नवं नियतकालिक काढलं. भाषाशास्त्रज्ञ भांडखोर असतात याचा हा एक उपयोग.

आकडेमोड
कारकुनीबद्दल अजून एक. २०२३ मध्ये एक मोठा सामूहिक लेख आला. अनेक गटांना एकच ध्वनिमुद्रित विदा आणि एकच प्रश्न दिला होता. काय मोजायचं, कुठे मोजायचं, कुठलं प्रतिमान लावायचं, यात गटागटाने वेगळ्या वाटा धरल्या आणि उत्तरंही पसरली. कुणी चुकलं नव्हतं. प्रत्येकाने ठिकठिकाणी एक रास्त निर्णय घेतला होता, एवढंच. म्हणून तुमची 'कारकुनी' हाच प्रबंधाचा कणा आहे. नियम लिहा, तारीख घाला, नियम मध्येच बदलला तर का बदलला तेही लिहा.

हकारान्त
ठरलं. भ-ध-घ साठी आवर्तनं एकसारखी होतात तिथे रेघ. फॉर्मंटची खूण फक्त ताडून बघायला, वाद झाला तर आवर्तन जिंकणार. म्ह-न्ह वर रेघ नाही, वक्र. दहा टक्के फाइली सीनियरकडे, तिने कान लावून कापायच्या, म्हणजे कान आणि चित्र यांतलं अंतरही मिलिसेकंदांत मिळेल. गप्पांचा भाग वगळणार नाही, पण प्रकरण एकच, अख्खा प्रबंध नाही (@आकडेमोड, निश्चिंत असा). सहलेखनाचं पुढच्या बैठकीत काढते.

एक राहिलं: व्ह. 'जिव्हाळा'मध्ये व आणि ह शोधते आहे. व जवळजवळ स्वरासारखाच, त्याची स्वतःचीच हद्द सापडत नाही. तिथे वक्राची सुरुवात कुठून धरू?

फॉर्मंटवाला
आधीच्या स्वराच्या मध्यापासून. 'इ'पासून 'आ'पर्यंत सगळा पट्टा घ्या, आतल्या हद्दी विसरा. फक्त तुलनेला साधा व असलेला तसाच शब्द हवा, दोन्ही बाजूंचे स्वर तेच. 'दिवाळी' चालेल.

टवाळ टाचणी
जिव्हाळ्याची तुलना दिवाळीशी. परीक्षकांना ओवाळणी घालायला लावणार बहुतेक.